काचेवरचा पांढरा थर, आमचा इग्वाना आणि बोअरचं पाणी (नोंदी, एप्रिल ते जून २०२५)

१३ एप्रिल, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय कारण गेल्या वेळी काच कशाने पुसली होती तेच आठवत नाहीये. आधी थोडक्यात काय काय आहे ते. घर गोव्यात, मांद्र्याला, समुद्र चालत सात-आठ मिनिटं. हॉलच्या कोपऱ्यात सहा फूट उंच, साडेचार फूट रुंद, तीन फूट खोल पिंजरा, म्हणजे मरीन प्लायची पेटी आणि पुढे दोन सरकत्या काचा. आत हिरवा इग्वाना, म्हणजे मोठा परदेशी सरडा, नाव मानगो. कोकणीत मानगें म्हणजे मगर, बाबांनी पहिल्या दिवशी त्याला बघून तेच म्हटलं आणि तेच चिकटलं. शेपटीसकट साडेचार फूट. (नोंदणी केलेली आहे, २०२४ च्या नियमांप्रमाणे, परिवेश या केंद्र सरकारच्या पोर्टलवर. इग्वाना साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात येतो म्हणून ती लागते, आणि आपल्याकडचा कुठलाही साप-सरडा-कासव घरात ठेवायचा नसतोच, हे आधीच सांगून टाकतो कारण घरी येणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो.)

आता रड काय आहे ती. काचा पांढऱ्या पडल्यात. नुसते डाग नाहीत, थर. खालचा एक फूट तर दुधाच्या पिशवीसारखा दिसतोय, मानगो मागे बसला की नुसती हिरवी सावली. वर, आतली हवा ओली ठेवायला, फवाऱ्याचे पाच नोझल आहेत त्यातले दोन बंद, एक वाकडा उडतो आणि त्याची धार बरोब्बर बल्बच्या दिशेने जाते. काल काकी आली होती, म्हणाली "काच फुटली काय रे?" तेव्हा जरा लाज वाटली.

आज साध्या ओल्या फडक्याने पुसून बघितलं. ओलं असेपर्यंत काच एकदम आरशासारखी, मनात म्हटलं झालं काम, पंखा लावला, वाळली आणि सगळं परत जिथल्या तिथे.

१६ एप्रिल

पाणी मोजलं. ऑफिसमधल्या एकाकडून टीडीएस मीटर आणलाय, पेनासारखा, पाण्यात किती काय विरघळलंय ते पीपीएममध्ये, म्हणजे लिटरला किती मिलिग्रॅम, ते दाखवतो.

बोअरचं पाणी ६४०. नळाचं, म्हणजे चांदेलच्या सरकारी पाणी प्लांटवरून येतं ते, ७२. आरओचं ३५.

आमच्याकडे नळाचं पाणी खालच्या टाकीत पडतं, स्वयंपाकाला आणि प्यायला, आणि बोअर वरच्या टाकीत, बाथरूम-बागेला. फवाऱ्याचा कॅन मी बाथरूममधून भरतो कारण तो जवळ आहे. एवढंच कारण. दोन वर्षं.

आईला सांगितलं तर म्हणाली, "बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही हे मला कधीचं माहीत आहे, मला विचारलं असतंस तर मीटर कशाला लागला असता." बरोबर आहे. साबणाला फेस येत नाही, गीझरची कॉइल दर दीड वर्षाने जाते, बादलीच्या तळाला क्षार बसतो, सगळं रोज डोळ्यासमोर आणि मी नवीन नवीन ग्लास क्लीनर आणतोय.

१९ एप्रिल

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, त्यात मीठही आलं. पाणी किती जड आहे ते वेगळं मोजावं लागतं. माशांच्या टाकीसाठी थेंबांचा किट मिळतो तो वापरला. पाच मिली पाणी, एकेक थेंब टाकून हलवत राहायचं, रंग लालचा हिरवा झाला की थांबायचं. एक थेंब म्हणजे जवळपास १८ पीपीएम. बोअरला २१ थेंब लागले, म्हणजे ३७५ च्या आसपास. नळाला तीन. भारतीय मानकात (१०५००) पिण्याच्या पाण्याला २०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे, म्हणजे आमचं त्या चालवून घ्या मधलं.

मग एक हिशेब मांडला आणि बसूनच राहिलो. पाच लिटरचा कॅन चार दिवस पुरतो, म्हणजे दिवसाला सव्वा लिटर. लिटरला ६४० मिलिग्रॅम, म्हणजे रोज ८०० मिलिग्रॅम, महिन्याला २४ ग्रॅम. चहाचे जवळजवळ पाच चमचे भुकटी मी दर महिन्याला स्वतःच्या हाताने पिंजऱ्यात फवारतोय. पाणी उडून जातं, ती कुठे जाणार. थोडी कुंडीच्या मातीत मुरत असेल, बाकी काच, पानं, फांदी, बल्ब.

आश्चर्य याचं वाटतं की गोव्यात विहिरीचं पाणी तसं मऊच असतं. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) जमीन, चुना नाही, आजोळी वाळपईला विहिरीच्या पाण्याने आंघोळ केली की साबण जाता जात नाही. पण आम्ही चिऱ्यावर नाही ना, आम्ही रेतीवर. आणि ही रेती म्हणजे अर्धी शिंपल्या. पाणी त्यातून झिरपत येतं, येता येता चुना उचलतं, वर उन्हाळ्यात खाडीचं मीठ आत सरकतं ते वेगळं.

२० एप्रिल, रविवार

आज तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं होतं. जेवण झाल्यावर एक शिंपली धुवून तिच्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे चार थेंब टाकले, बारीक बुडबुडे यायला लागले, कान जवळ नेला तर सुर्र असा आवाज पण. मग पिंजऱ्याच्या काचेच्या कडेवरून नखाने थोडी भुकटी खरवडली, बशीत घेतली, तिच्यावर पण चार थेंब. तेच. सेम बुडबुडे, सेम आवाज. म्हणजे माझ्या काचेवर जे आहे ते शिंपलीचंच पीठ, कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याला आंबटच लागणार. साबण, ग्लास क्लीनर, कोलगेट (हो, तेही करून झालंय) यातलं काहीही चालणार नाही.

आंबट काय वापरावं यावर घरात परिषद भरली. आई म्हणे सोलं (आमसुलं) घास, तांब्याची समई तशीच लख्ख करतो की आपण. पण सोलांचा लाल रंग प्लायवर बसेल. बाबा म्हणे फेणीवाल्याकडचं माडाचं व्हिनेगर, त्याला गोडसर वास असतो आणि मुंग्या येतील. काकीने टॉयलेट क्लीनर सुचवलं, ते काम पाच मिनिटांत करेल पण त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्याची वाफ बंद पेटीत, छे. आणि फिनेल तर अजिबातच नाही, सरपटणाऱ्या प्राण्यांना ते बाधतं, शिवाय त्याने क्षार निघतही नाही, नुसता वास सुटतो आणि साफ झाल्यासारखं वाटतं.

२५ एप्रिल, शुक्रवार

म्हापशाच्या बाजाराचा दिवस, जेवणाच्या सुट्टीत जाऊन आलो. अर्धा किलो सायट्रिक ॲसिड (दुकानदार लिंबूफूल म्हणाला), काच खरवडायचं पातं आणि त्याचा दांडा, फवारायची बाटली. येताना कोथिंबीर, ती आईची यादी.

२७ एप्रिल, रविवार

मोठी साफसफाई. सकाळी साडेआठला सुरू.

पहिलं काम मानगोला बाहेर काढणं. बाथरूममध्ये ठेवला, खिडकीला जाळी आहे, बादलीवर टॉवेल घातला की तो वर चढून बसतो. जाताना माझ्या हातावर शेपटीचा एक फटका दिलाच, वळ अजून आहे. बल्ब, ट्यूब, फवारा सगळ्यांचे प्लग काढले आणि बल्ब गार होईपर्यंत थांबलो.

लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूफूल. फवारलं आणि लगेच कळलं की उभ्या काचेवर काही टिकत नाही, सगळं ओघळून खालच्या रुळात. मग बाबांची जुनी लुंगी फाडून पट्ट्या केल्या, भिजवल्या, काचेवर चिकटवल्या आणि वरून स्वयंपाकघरातलं प्लास्टिक लावलं म्हणजे वाळणार नाहीत. अर्धा तास. मधून मधून बाटलीने ओलं करत राहायचं. पट्टी काढली तेव्हा खालचा थर भिजलेल्या खडूसारखा झालेला, पातं आडवं धरून, काच ओली ठेवून, एकाच दिशेने ओढलं की पापुद्रेच्या पापुद्रे गोळा होतात. हे काम करताना जे समाधान मिळतं ते पगार आल्यावर पण मिळत नाही. कोरड्या काचेवर मात्र पातं चालवायचं नाही, एकदा चालवलं आणि केसाएवढा ओरखडा कायमचा आलाय, उजव्या काचेवर खाली.

दोन फेऱ्यांत नव्वद टक्के निघालं. तळाशी चार बोटांचा पट्टा तसाच धुरकट राहिला, तिसरी फेरी केली तरी. नख फिरवून बघितलं, गुळगुळीत. खरखरीत लागलं तर थर, गुळगुळीत लागलं तर काचच खाल्ली गेलीय, आता ती अशीच राहणार. तिथे पाण्याचा साठा कायम असायचा. सोडून दिला.

आता गाढवपणा. बल्बच्या खाली मानगोला पोटाला ऊब मिळावी म्हणून कडाप्पाची फरशी ठेवलीय, ओट्यातून उरलेला तुकडा, दोन बाय दीड. तीही पांढरी झाली होती. तिच्यावर लिंबूफुलाचं पाणी ओतलं, फसफसायला लागलं, मी खूश, थर निघतोय म्हणून. पुसलं, परत ओतलं, परत फसफस. म्हटलं बाप रे इथे किती जाड बसलाय. चार वेळा. चौथ्या वेळी आई मागून आली आणि म्हणाली, "अरे कडाप्प्यावर लिंबू सांडलेलं ठेवू नये, डाग पडतो." तेव्हा ट्यूब पेटली. कडाप्पा हाच चुनखडीचा दगड आहे! थर केव्हाच गेला होता, मी दगड विरघळवत होतो. काळी चकाकी गेली, राखाडी, हात लावला तर खडूसारखी पूड. आठवड्यापूर्वी मोठ्या ऐटीत बुडबुड्यांची परीक्षा शोधून काढली होती, तिनेच तोंडावर पाडलं.

सगळं झाल्यावर साध्या पाण्याने तीनदा पुसलं, नळाच्या पाण्याने. दारं उघडी ठेवून दोन तास वाळवलं. लिंबूफूल तसं गरीब, पण राहिलं तर तो जीभ लावणार, सगळ्याला जीभ लावतो. आणि ज्या दिवशी आंबट वापरलं त्या दिवशी ब्लीच नाही, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. निर्जंतुक करायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, सगळं धुवून झाल्यावर.

हात साबणाने कोपरापर्यंत. साल्मोनेलाचं (सरपटणाऱ्या प्राण्यांकडून माणसाच्या पोटात जाऊ शकणारा जंतू) नाव काढलं की घरचे घाबरतात म्हणून काढत नाही, पण पिंजऱ्याचा स्पंज आणि बादली वेगळी, मोरीत ठेवतो, स्वयंपाकघरात आणत नाही.

२९ एप्रिल

नोझल. पितळी आहेत, भोक सुईच्या अग्राहून बारीक. उघडून व्हिनेगरमध्ये टाकले. अर्ध्या तासात चार मोकळे झाले, तोंडाने फुंकून बघितलं (धुवून, हो). पाचवा हट्टी म्हणून रात्रभर तसाच ठेवला लिंबूफुलात, सकाळी बघतो तर गुलाबी. पितळेतलं जस्त निघून जातं आणि तांबं उरतं. चालतोय अजून, पण आटे बोटाने सैल लागतात. सुई घालायची नाही, भोक वाढलं की फवारा जाऊन पिचकारी होते.

१ मे, गुरुवार, सुट्टी

यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) पुसली. हिच्याकडे मी आजवर बघितलंच नव्हतं आणि खरं तर काचेपेक्षा हीच महत्त्वाची. वाकड्या नोझलमुळे अर्ध्या ट्यूबवर पांढरी साय धरलेली. तो थर यूव्हीबी अडवतो, आपल्याला उजेड दिसतो म्हणून वाटतं सगळं ठीक. इग्वानाला यूव्हीबी मिळाला नाही की कातडीत व्हिटॅमिन डी-३ तयार होत नाही, मग खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं मऊ पडतात. म्हणजे कॅल्शियमचा थर ट्यूबवर आणि आत प्राण्याला कॅल्शियम नाही, असला तमाशा झाला असता. गार ट्यूब, पिळलेलं फडकं, व्हिनेगरचा हलका हात, मग साधं पाणी. टोकाच्या पिनांना ओल लागू द्यायची नाही.

कॅन आजपासून नळाच्या पाण्याने. वीस पावलं जास्त चालावं लागतं.

७ मे

काच स्वच्छ. म्हणजे जवळजवळ. डाव्या काचेवर, फांदीच्या टोकाच्या उंचीला, वितभर जागेत पांढरे ठिपके परत आलेत. बारीक, टाचणीच्या डोक्याएवढे, बरेच. पुसले.

९ मे

परत तिथेच. बाकी काच कोरी. नोझल ठिबकतोय का बघितलं, नाही. नळाचं पाणी परत मोजलं, ७०.

१० मे

फवारा दिवसभर बंद ठेवला. तरीही संध्याकाळी ठिपके. पाणीच नाही तर क्षार कुठून? बाबा म्हणाले चुना खाणारा कोणीतरी भूत असेल.

११ मे, रविवार

सापडलं! सकाळी चहा घेऊन पिंजऱ्यासमोर बसलो होतो. मानगो फांदीच्या टोकाला, बल्बखाली, डोळे अर्धवट मिटून. मान जरा वर केली आणि फिस्स. शिंकला. काचेवर बारीक तुषार. पाच मिनिटांत वाळले, पांढरे ठिपके तयार.

हे मला माहीत असायला हवं होतं, पुस्तकात पहिल्या पानावर असतं. इग्वानाच्या नाकाजवळ मिठाच्या ग्रंथी असतात, अंगातलं जादा मीठ, पोटॅशियम-सोडियमचं, तो लघवीतून फार न घालवता नाकातून शिंकून टाकतो, पाणी वाचतं. म्हणजे पाण्याचे क्षार मी आणतो आणि स्वतःचे क्षार तो आणतो, आणि दोन्ही एकाच काचेवर.

मग सगळं नीट तपासलं. शिंकेचा ठिपका साध्या पाण्याच्या एका थेंबात विरघळतो, व्हिनेगरने बुडबुडे नाहीत. बोअरचा थर पाण्याने हलत नाही, व्हिनेगरने फसफसतो. आणि तिसरं पांढरं पण आहे, शेणासोबत येणारं, युरेटचं (लघवीतला घट्ट भाग), ते पाण्यात विरघळतही नाही, फसफसतही नाही, ते गरम पाण्याने भिजवून खरवडायचं. दोन वर्षं मी या तिन्हींना एकच नाव देऊन एकाच फडक्याने घासत होतो. चाखून बघायचा मोह झाला होता मिठासाठी, तो आवरला, वर साल्मोनेलाचं लिहिलंय ते माझ्यासाठीच.

डॉक्टरांना फोन करून विचारलं. म्हणाले शिंक पातळ, पारदर्शक आणि वाळल्यावर भुकटी होत असेल तर काळजी नाही, चिकट-पिवळं आलं किंवा तोंड उघडं टाकून श्वास घेतला तर लगेच आणा. प्यायचं पाणी काय देता विचारलं. इथे मी गप्प झालो. प्यायचं भांडं पण बाथरूमच्या नळालाच भरत होतो. म्हणाले उन्हाळ्यात किनाऱ्याजवळच्या बोअरला मीठ चढतं, ते कशाला देताय, घरात तुम्ही पिता तेच द्या.

सहज म्हणून बोअर परत मोजलं. ८१०. एका महिन्यात ६४० चं ८१०.

१४ मे

भांडं बदलल्यापासून ठिपके कमी झालेत का? मला वाटतंय हो, आईला वाटतंय नाही. तीनच दिवस झालेत, आत्ताच निष्कर्ष काढत नाही.

दुसरं एक डोक्यात आलं ते जास्त मोठं आहे. फवारा दिवसातून चार वेळा का लावलाय? कारण सुरुवातीला जी माहिती वाचली त्यात तसं होतं. ती लिहिणारे राहतात थंड देशात, घरात हीटर, हवा कोरडी ठक्क. आम्ही राहतो मांद्र्याला, जिथे पापड वाळवून डब्यात भरेपर्यंत परत मऊ पडतात! पिंजऱ्यात आर्द्रतेचं मीटर आहे, ते मी फवाऱ्यानंतरच बघायचो. आज फवारा बंद ठेवून दिवसभर आकडे लिहिले. सकाळी सहाला ८६, दहाला ७१, दुपारी दोनला ५९, संध्याकाळी सहाला ७०, रात्री दहाला ८२. इग्वानाला ६० ते ८० च्या मधे हवं. म्हणजे दुपारचे दोन-तीन तास सोडले तर मी ओल्या हवेला पाणी घालत होतो.

टायमर बदलला. चार ऐवजी एकदाच, दुपारी दीडला, एक मिनिट.

१८ मे, रविवार

नवीन हिशेब: दिवसाला साधारण ३०० मिली, ७० पीपीएम, म्हणजे रोज २१ मिलिग्रॅम. आधी ८००. काच आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्याने टिपायची, थेंब वाळू द्यायचा नाही, एवढं पुरतंय. थेंब तिथेच वाळला की थर, टिपला की नाही, यात याहून जास्त शास्त्र नाही.

कात टाकतोय, पाठीवरचे तुकडे सुटे झालेत. फवारा कमी केला म्हणून शेपटीच्या टोकाला आणि बोटांना रोज बघतोय, तिथे जुनी कात अंगठीसारखी अडकली तर रक्त थांबतं. अजून तरी ठीक.

मधल्या काळात लोकांनी दिलेले सल्ले, विसरायच्या आधी. एसीचं पाणी: टीडीएस १९ आला, दिसायला छान, पण कॉइलवरची धूळ-बुरशी धुऊन आलेलं, काच पुसायला ठीक, फवाऱ्यात नको. बॅटरीचं पाणी: क्षार नाहीत पण ते प्यायच्या हिशेबाने भरलेलं नसतं, आणि मानगो पानांवरचे थेंब चाटूनच पाणी पितो. उकळून: उकळल्यावर थोडा चुना पातेल्यात बसतो खरा, मीठ तसंच राहतं, पातेलं मात्र मला घासावं लागतं. सॉफ्टनर: चुन्याच्या जागी सोडियम देतो, डाग सहज पुसला जातो पण पडतोच, आणि सोडियम प्राण्याच्या पोटात.

२५ मे, रविवार

पाऊस! चार-पाच दिवस झोडपतोय. काल केरळात मान्सून पोचल्याचं जाहीर झालं आणि आज म्हणे गोव्यात पण. आमची लाकडं, आमसुलं सगळी अजून बाहेर, आईची धावपळ.

मी पागोळ्यांखाली बादल्या लावल्या. २१ तारखेला पहिल्या सरीचं पाणी भरलं होतं ते ९५, कौलावरची धूळ, शेवाळ, कावळे, सगळं त्यात. ते झाडांना घातलं. आज चार दिवस धुतलेल्या कौलांवरचं, १८. अठरा! समुद्राच्या इतक्या जवळ थोडं मीठ असणारच, तरी आरओपेक्षा निम्मं, फुकटात. दोनदा सुती कापडातून गाळून झाकणाच्या ड्रमात. झाकण घट्ट, नाहीतर डासांची शेती. हे पाणी प्यायला नाही, काच-पानं पुसायला आणि नोझल धुवायला.

पण गंमत बघा, इतकं मऊ पाणी हाताशी आलं आणि आता फवारायचं कारणच उरलं नाही. दुपारी दोनलाच आर्द्रता ८८.

१ जून, रविवार

फवारा पूर्ण बंद. नळी, नोझल, पंप काढले, कॅन रिकामा करून उन्हात... ऊन नाहीये, पंख्याखाली वाळवला. पाणी भरून ठेवलं तर आत बुळबुळीत थर धरतो. पाचवा गुलाबी नोझल टाकून दिला.

१५ जून

क्षार नाहीत. बुरशी आहे. मागच्या प्लायवर, वरच्या कोपऱ्यात, हिरवट-काळे गोल. आर्द्रता ९२ च्या खाली येतच नव्हती. जुन्या कॉम्प्युटरमधला बारा व्होल्टचा पंखा जाळीवर उलटा बसवला, आतली हवा बाहेर. व्हिनेगरचं फडकं मारलं. दोन दिवसांनी ८१. एका महिन्यापूर्वी ओल वाढवायला मशीन लावलं होतं, आज कमी करायला.

बोअर मोजलं, ४३०. पावसाने गोडं पाणी भरलं.

२९ जून, रविवार

काच साफ. डाव्या बाजूचे शिंकेचे ठिपके येतात, दर दोन दिवसांनी ओलं बोट फिरवतो, जातात. (कमी झालेत. आईही आता मान्य करते.) तळाचा धुरकट पट्टा आहे तसाच, त्याच्यासमोर मनीप्लांटची कुंडी सरकवली.

बाथरूमच्या नळावर आईने दोरा बांधलाय, लाल, म्हणजे अर्धझोपेत तिथे कॅन भरायला गेलो तर आठवावं म्हणून. ऑक्टोबरात ऊन पडलं की दुपारचा फवारा परत लागेल तेव्हा खालच्या टाकीवरून एक पातळ नळी थेट पिंजऱ्यापर्यंत आणायची, पंधरा मीटर लागेल, प्लंबरला आधी विचारून ठेवायचं.

कडाप्पा मात्र मनाला लागला होता. गुळगुळीत काळा होता, आता रोगट राखाडी. आज उचलून उलटा केला. खालची बाजू पॉलिश न केलेली, छिन्नीच्या खुणा असलेली. मानगो पाच मिनिटं लांबून जीभ लावून बघत होता, मग चढला. आधी त्या गुळगुळीत फरशीवर त्याचे पुढचे पाय सरकायचे आणि तो कडेला नखं अडकवून बसायचा, मला वाटायचं त्याला कडाच आवडते. आज मधोमध पोट टेकून, चारी पाय पसरून झोपलाय.

आणि आत्ताच शिंकला.